लहान स्टेशनांभोवतीची वस्ती ओस का पडते? (वाठार, मसूर ते नांद्रे, माधवनगर, विश्रामबाग)

स्टेशनरोडकर

मंडळी, पुणे–मिरज मार्गावरच्या लहान स्टेशनांच्या परिसराविषयी हा धागा काढतोय. सांगलीचं जुनं स्टेशन गावातच होतं, संस्थानाने १९०७ साली मिरजेपासून आणलेल्या मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांच्या) फाट्यावर. ब्रॉडगेज (रुंद रूळ) झाल्यावर स्टेशन गावाबाहेर गेलं, फाटा बंद झाला, आणि स्टेशन चौकाला नाव तेवढं राहिलं. तरी तो चौक गजबजलेला आहे, कारण शहर त्याच्याभोवती वाढलं. लहान स्टेशनांना असा आधार नाही. तिथला रस्ता उखडलेला, दिवे बंद, क्वार्टर्सवर रुई आणि विलायती बाभूळ माजलेली, अंडरपासात पाणी, आणि संध्याकाळच्या गाडीला बायाबापड्या उतरल्या तर रिक्षा नाही.

हे का होतं आणि कुठल्या टेबलावर काय द्यावं लागतं, याची नेमकी माहिती हवी आहे. "प्रशासन झोपलंय" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याने दिवा लागत नाही.

जुनारूळ

सुरुवात कारणांपासून करू, कारण बहुतेकांचा समज उलटा आहे. स्टेशनभोवतीची पेठ प्रवाशांवर उभी राहते असं वाटतं. लहान स्टेशनांना जगवलं ते मालधक्क्याने, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटाने. पूर्वी एखादा अडत्या एक-दोन वाघिणी (मालगाडीचे डबे) मागवून हळद, गूळ, कांदा पाठवू शकायचा. वाघीण लागली की हमाल, तोलाईवाले, बैलगाड्या, पोती शिवणारे, आणि या सगळ्यांसाठी चहा-भजी आणि खानावळ. पुढे रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक मोडीत काढून पूर्ण रेकचं धोरण धरलं. रेक म्हणजे ४० ते ४२ बंद वाघिणी, साधारण अडीच हजार टन माल, आणि तो ठरलेल्या तासांत भरायचा, नाहीतर दंड. भिलवडी किंवा मसूरसारख्या ठिकाणी एका दिवशी अडीच हजार टन कोण गोळा करणार? माल ट्रकवर गेला. धक्का बंद पडला.

दुसरी पायरी माणसांची. ज्या स्टेशनावरून गाडीला पुढचा सेक्शन मोकळा करून दिला जातो तिथे तीन पाळ्यांचे स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, शिवाय गेटमन आणि गँगचे (रूळ दुरुस्त करणारे) लोक लागतात. ही कुटुंबं क्वार्टर्समध्ये राहायची. त्यांचं दूध, किराणा, पोरांची शाळा सगळं तिथलंच. सिग्नलिंग इलेक्ट्रॉनिक झालं, फाटकं बंद झाली, गँग गाडीने यायला लागली. स्टेशनचा नुसता थांबा झाला असेल तर मास्तरही गेला. रिकामं क्वार्टर वर्षभरात दारं-खिडक्यांना मुकतं, मग कौलं जातात, मग तिथे दारूच्या बाटल्या पडू लागतात.

प्रवासी गाड्यांचे थांबे गेले ते या सगळ्याच्या शेवटी. धक्का गेला, क्वार्टर्स ओस पडली, मग थांबे. आपण फक्त शेवटच्याबद्दल आरडाओरडा करतो.

कोरेगावकर

जुनारूळकाकांशी सहमत, थोडी भर घालतो. एकेकाळी महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठारला उतरून वाईमार्गे वर जायची. स्टेशन गावापासून लांब, म्हणून स्टेशनपाशी निराळी पेठच उभी राहिली. आजही लोक 'वाठार स्टेशन' हे गावाचं नाव म्हणून घेतात. मोटारी आणि एसटी हमरस्त्याने थेट जायला लागल्या तसा तो प्रवासी तुटला.

मीटरगेजच्या काळात सातारकरांचं स्टेशन होतं सातारा रोड. ब्रॉडगेजच्या वेळी आखणी बदलली आणि आताचं सातारा स्टेशन माहुलीजवळ आलं. सातारा रोडला कूपरचा कारखाना होता म्हणून वस्ती तगली. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे. लोणंदला कांद्याची बाजारपेठ आहे. अमृत भारत योजनेत नव्याने बांधलेल्या ज्या स्टेशनांचं उद्घाटन मे २०२५ मध्ये झालं त्यांत लोणंद आहे. म्हणजे स्टेशनाला गाडीशिवाय दुसरं काही निमित्त असलं की पेठ टिकते. ज्या ठिकाणी गाडी हेच एकमेव निमित्त, तिथे गाडी चुकली की दिवस चुकला.

बाजारपेठ

सांगली–मिरज रस्त्यावर वडाप (शेअर जीप) आणि सिटी बस दर काही मिनिटांनी. विश्रामबागेत विलिंग्डन, वालचंद, एवढी कॉलेजं, एवढी पोरं. पण त्यांना पाच मिनिटांत वाहन मिळत असताना दिवसातून मोजक्या वेळा थांबणाऱ्या पॅसेंजरसाठी आत स्टेशनापर्यंत कोण चालत जाईल? दहा किलोमीटरच्या प्रवासात रेल्वे रस्त्याशी टक्कर देऊ शकत नाही, हे आधी मान्य करा.

जुनारूळ

दहा किलोमीटरला नाही देऊ शकत, बरोबर. पण विश्रामबागेतून कराड, सातारा, कोल्हापूरला जाणारा माणूस निराळा. तो आज मिरजेला किंवा सांगलीला जाऊन गाडी धरतो आणि तिकीटही तिथलंच काढतो. इथेच मेख आहे.

रेल्वेच्या हिशोबात स्टेशनाची किंमत तिथून निघणाऱ्या तिकिटांवर ठरते. थांब्याच्या दर्जाच्या (हॉल्ट) स्टेशनांचे 'एचजी' म्हणजे हॉल्ट ग्रेड असे तीन गट आहेत: वर्षाला १ लाखापर्यंत प्रवासी असतील तर एचजी-३, १ ते ३ लाख एचजी-२, त्यापुढे एचजी-१. १ लाख म्हणजे रोजचे सुमारे २७५. शेड, बाक, पाणी, मुतारी, दिवे यांतलं किती द्यायचं ते या गटावर ठरतं. नव्या गाडीचा थांबा देतात तोही बहुधा सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर, आणि सहा महिन्यांनी पहिली फाईल उघडतात ती तिकीटविक्रीची.

आता गळती कुठे होते पाहा:

– तिकीट खिडकी कमिशनवर चालवणारा एजंट कधी असतो, कधी नसतो. खिडकी बंद असली की लोक विनातिकीट चढतात.
– पासवाला पास मोठ्या स्टेशनावरून काढतो, "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून. त्याची नोंद मिरजेला.
– कोविडनंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या दराने धावल्या, कमीत कमी भाडं १० चं ३० रुपये. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० वर आलं, पण दरम्यान सुटलेला प्रवासी एसटीला लागला तो लागलाच.

मोबाईलवरून तिकीट काढताना 'पासून' या रकान्यात आपलंच स्टेशन टाकायचं. भाड्यात दोन-पाच रुपयांचा फरक पडेल, कधी पडणारही नाही. पण ते तिकीट आपल्या स्टेशनाच्या नावावर चढतं. चार अर्जांपेक्षा याला वजन आहे.

स्टेशनरोडकर

काका, मग प्रत्यक्ष प्रवासी आणि विकलेली तिकिटं यांतला फरक दाखवायचा कसा? नुसतं "गर्दी असते" म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

जुनारूळ

मोजणी करायची. सलग सात दिवस, त्यात आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार आलाच पाहिजे. सणाचा किंवा यात्रेचा आठवडा नको, रेल्वे तो आकडा बाजूला काढते. प्रत्येक गाडीला दोन माणसं, प्लॅटफॉर्मच्या दोन टोकांना. एका कागदावर गाडी क्रमांक, यायची खरी वेळ, चढले किती, उतरले किती. पाच-पाच रेघांचे गठ्ठे करा, म्हणजे चूक होत नाही. चढणारे आणि उतरणारे वेगळेच ठेवा, बेरीज करू नका. रेल्वेला चढणारे हवे असतात.

त्याच महिन्याची तिकीटविक्री माहिती अधिकारात मागवायची. अर्ज पुणे विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवरून, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. "स्टेशनची माहिती द्या" असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येतं. तीन वर्षांची महिनावार माहिती मागा: निघालेले प्रवासी, तिकीट उत्पन्न, पासांची संख्या, आणि तिकीट एजंटच्या नेमणुकीच्या तारखा. या शेवटच्या रकान्यावरून कळतं की विक्री पडली तेव्हा खिडकी चालू होती का. समजा मोजणीत रोज १२० चढले आणि विक्री ४० ची निघाली, तर त्या ८० जणांतून पासवाले वजा करून उरतील त्यांचं उत्पन्न बुडतंय, हे त्यांच्याच कागदाच्या आधाराने दाखवता येतं. अर्ज वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या नावे, मागणी आधी एजंटची, थांब्याची नंतर. उलट क्रमाने मागितलंत तर विक्रीचा आकडा तुमच्याच अंगावर येतो.

मोजणीवाला

आता रस्त्याचं. स्टेशन रोड कोणाचा हे न बघता लोक वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभे राहतात. बहुतेक ठिकाणी या रस्त्याचे तीन तुकडे असतात. स्टेशनसमोरचं आवार आणि त्याला लागून काही अंतर रेल्वेचं. मधला तुकडा ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा. हमरस्त्याला मिळतो तो भाग सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेचा. खड्डे हमखास पहिल्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर असतात, कारण दोघंही "ते त्यांच्यात येतं" म्हणतात.

शोधायचं असं:

आधी गावनकाशा आणि त्या गट नंबरांचे सातबारे काढा. नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका. रेल्वेची जमीन बहुधा सरकार/रेल्वे नावाने लागलेली सापडेल. मग रेल्वेकडून त्या स्टेशनाच्या जमीन आराखड्याची प्रत, हीसुद्धा माहिती अधिकारात. दोन्ही समोर ठेवून जागेवर हद्दीचे दगड शोधा. रेल्वेचे दगड किंवा रुळाचे तुकडे उभे पुरलेले असतात, गाजर गवतात बुडालेले. उन्हाळ्यात जा, पावसाळ्यात सापडत नाहीत.

वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज. तो खातेदाराला किंवा स्थानिक संस्थेला करता येतो, गावातल्या कुणीही उठून करता येत नाही. लगतधारक म्हणून रेल्वेला नोटीस गेलीच पाहिजे. रेल्वेला नोटीस न देता झालेली मोजणी पुढे वादात सापडते, आणि सगळी मेहनत पाण्यात. मोजणीनंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या अधिकृत नकाशाची नक्कल, घ्या. ती हातात असल्याशिवाय डांबराची गोष्टच काढू नका.

एक खास अडचण या मार्गावर आहे. ब्रॉडगेज करताना काही ठिकाणी आखणी सरकली, म्हणून मीटरगेजची जुनी पट्टी शेतांमधून, घरांमागून तशीच पडून आहे. लोक ती गावठाण समजून वापरतात. कागदावर ती रेल्वेची असू शकते. तिच्यावर ग्रामपंचायतीने रस्ता केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो.

कृष्णाकाठ

रस्ता दोघांचा निघाला तर?

मोजणीवाला

रेल्वेच्या तुकड्यात स्थानिक संस्थेला काम हवं असेल तर ती पैसे रेल्वेकडे भरते आणि काम रेल्वे करते, याला डिपॉझिट वर्क म्हणतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७ मध्ये मालकाला किंवा स्थानिक संस्थेला स्वखर्चाने रूळ ओलांडायच्या जादा वाटा, मोऱ्या वगैरे करून मागायची सोय आहे. खासदार निधीतूनही प्रवाशांच्या सोयीचं काम होतं, पण रेल्वेची संमती आधी. संमती न घेता ठेकेदाराने खडी टाकली की काम थांबवतात, बिल अडकतं, आणि खडीचा ढीग तसाच राहतो.

पंपहाऊस

अंडरपासच्या पाण्यावर लिहितो. फाटक बंद करून अंडरपास केला की पहिला फटका फाटकावरच्या टपऱ्यांना. गाडी जाईपर्यंत थांबलेली माणसंच त्यांचं गिऱ्हाईक. दुसरा फटका ऊसवाल्यांना. मोकळी उंची बऱ्याचदा साडेतीन-चार मीटर, भरलेली ट्रॉली हाईट गेजला (उंची अडवणाऱ्या आडव्या दांड्याला) घासते, म्हणून उसाची वाहतूक दुसऱ्या रस्त्याने जाते. आणि तिसरा पावसाळ्यात, सगळ्यांनाच.

पाणी येतं दोन वाटांनी: उतारावरून वाहून, किंवा जमिनीतून पाझरून. उपाय अगदी वेगळे, म्हणून आधी ओळखा. पाऊस थांबल्यावर पंपाने पूर्ण उपसा, भिंतीवर तळापासून खडूची रेघ मारा, दोन तासांनी बघा. पाऊस नसताना पाणी रेघेवर चढलं तर पाझर आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, पाटपाण्याच्या भागात हे सर्रास होतं. अंडरपासचे काँक्रीटचे ठोकळे जिथे जोडलेत तिथून पाणी झिरपतं. सांधे आतून ग्राउटिंग करून (पातळ मिश्रण दाबाने आत सोडून) भरावे लागतात, आणि तेही उन्हाळ्यात. वाहत्या सांध्यावर मारलेला सिमेंटचा गिलावा पहिल्याच पावसात सुटतो.

वाहून येणाऱ्या पाण्याचं गणित सोपं आहे. दोन्ही उतार १००-१०० मीटर, रुंदी ६ मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० घनमीटर, ६०,००० लिटर. तळाचा सपाट भाग ४० मीटर धरला तर पाणी २५ सेंटिमीटर चढतं, दुचाकीच्या सायलेन्सरला टेकतं. हे फक्त रस्त्यावर पडलेलं पाणी. आजूबाजूच्या शेताचं पाणी आत वळलं असेल तर छाती बुडेल. म्हणून पंपाआधी तीन गोष्टी: उतार सुरू होतो तिथे २०-३० सेंटिमीटरचा उंचवटा, उंचवट्याबाहेर रस्त्याला आडवं जाळीचं गटार, आणि उतारावर पत्र्याचं छत. या तिन्हींनी पंपावरचा भार निम्म्याहून कमी होतो.

पंप ५ एचपीचा चांगला असेल तर सहा मीटर उंचीवर ताशी ६० घनमीटर उचलायला हरकत नाही. बिघडतो तो पुढील कारणांनी: फूटव्हॉल्व्हमध्ये (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाच्या झडपेत) प्लास्टिक, खड्ड्यात गाळ, स्टार्टरची पेटी खालीच बसवलेली, म्हणजे पहिल्यांदा तीच बुडते, पावसात लाईट जाते, किंवा वीजबिल कोणी भरायचं हे न ठरल्याने कनेक्शनच तोडलेलं. पेटी रस्त्याच्या पातळीच्या वर हवी, पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच हवा, खड्डा किमान १० घनमीटरचा हवा, त्यावर काढता येणारी जाळी हवी.

सांगलीकरांनी आणखी एक बघावं. पंपाचं पाणी ज्या नाल्यात सोडलंय तो कृष्णेला मिळतो. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५ फूट. नदी फुगली की नाले उलटे वाहतात आणि बाहेर फेकलेलं पाणी पाईपने परत आत येतं. बाहेर जाणाऱ्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत येऊ न देणारी झडप) नसेल तर रात्रभर पंप चालूनही पाणी तेवढंच.

बाजारपेठ

एवढं सगळं होईल तेव्हा होईल, आधी स्टेशनबाहेरची अतिक्रमणं काढा. गाडे लागतात म्हणून रिक्षा वळत नाही.

कृष्णाकाठ

नाही पटत, दादा. रात्री नऊच्या गाडीला उतरणाऱ्या बाईला दिसणारं एकमेव उजेडाचं ठिकाण तो वडापावचा गाडा असतो. तो काढलात की स्टेशन आणखी ओस. वळणाची जागा सोडून गाडे एका ओळीत घ्या, म्हणजे रिक्षाही वळेल.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. २०१४ चा पथविक्रेता कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही. त्यामुळे हद्दीच्या दगडाच्या आत गाडा लावणाऱ्याला त्या कायद्याचं संरक्षण नाही, तो कधीही उठवला जातो. तोच गाडा दहा पावलं मागे महापालिकेच्या जागेत असेल तर नोंदणी, ओळखपत्र, पथविक्रेता समिती, सगळं लागू होतं. म्हणून मोजणीवाल्यांची 'क' प्रत गाडेवाल्यांच्याही कामाची आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतल्या स्टेशनांना हे जमेल. नांद्रे, भिलवडीला ग्रामपंचायत आहे, तिथे ग्रामपंचायतीने जागा नेमून परवानगी द्यायची.

बाजारपेठ

ओळीत घेणार असतील तर माझी हरकत नाही.

वायरमन

दिव्यांचं थोडक्यात. एका रांगेतले सगळे बंद म्हणजे फ्यूज, टायमर किंवा पथदिव्याची वेगळी तार तुटलेली. मधलाच एखादा बंद म्हणजे दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) गेला. लागतो-विझतो म्हणजे न्यूट्रल सैल. तक्रारीत खांबाचा नंबर लिहा, "स्टेशनजवळचा दिवा" लिहू नका. खांबावर रेल्वेचा नंबर असेल तर तक्रार रेल्वेच्या १३९ या हेल्पलाईनवर किंवा रेलमदद ॲपवर. महावितरणचा खांब असेल तर तार त्यांची, पण दिवा आणि बिल ग्रामपंचायतीचं किंवा महापालिकेचं. नवीन करायचे असतील तर ७-८ मीटरचा खांब, ३० मीटरवर एक, ६० वॅटचा एलईडी पुरतो. पहिला खांब प्लॅटफॉर्म उतरतो तिथेच हवा. सगळे दिवे हमरस्त्याकडे आणि उतरायच्या जागी काळोख, असं नको.

कोरेगावकर

दुहेरीकरणानंतर एक धोका वाढलाय तो कोणी लिहिला नाही. पूर्वी एकच रूळ, गाडी गेली की ओलांडायचं, ही सवय अंगात मुरलेली. आता एक गाडी समोरून जात असतानाच तिच्याआडून दुसऱ्या रुळावर उलट दिशेची येते, आणि विजेचं इंजिन लांबून ऐकू येत नाही. पादचारी पूल नसलेल्या ठिकाणी मागणीपत्रात शाळेची पोरं कुठून कुठे ओलांडतात त्याचा नकाशा जोडा, वेळेसकट.

स्टेशनरोडकर

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे स्टेशन ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. ठराव कधी आणि कसा घ्यावा?

मोजणीवाला

१५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. तोपर्यंत अंडरपासचे पावसाळ्यातले फोटो तारखेसह हातात असतील. एका ठरावात एकच विषय. पहिला ठराव हद्द कायम मोजणीचा आणि त्याची फी ग्रामनिधीतून भरण्याचा. दुसरा अंडरपासचा पंप, वीजबिल आणि गाळ काढणं कोणाकडे, याचा लेखी खुलासा रेल्वेकडे मागण्याचा. तिसरा तिकीट एजंट नेमण्याचा, जुनारूळकाकांनी सांगितलेल्या मोजणीचा तक्ता जोडून. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक आणि सभेची तारीख नसेल तर तो कागद रेल्वे परत पाठवते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) प्रमाणित नकला लगेच घ्या, चार-चार. एक पुणे विभागाला, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक खासदारांच्या कार्यालयात, आणि एक पोच शिक्क्यासाठी स्वतःकडे.